क्वांटम डॉटचा पृष्ठभाग सेकंड हार्मोनिकने कसा तपासावा: सॅम्पल धुण्यापासून शेवटच्या पडताळणीपर्यंत

लेझर १३०० नॅनोमीटरवर लावलेला आहे. क्युवेटमध्ये, म्हणजे काचेच्या चौकोनी कुपीत, कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉटचं (काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक स्फटिककणांचं) नारिंगी-लाल द्रावण आहे. काटकोनात बसवलेला डिटेक्टर ६५० नॅनोमीटरला सेकंदाला काही शे फोटॉन मोजतो आहे. तरंगलांबी बरोबर निम्मी, म्हणजे वारंवारता दुप्पट. सेकंड हार्मोनिक मिळाला असं वाटतं. पण हे फोटॉन डॉटच्या पृष्ठभागाने दिले, आतल्या गाभ्याने दिले, की ते सेकंड हार्मोनिक नाहीतच?

मी हा प्रयोग पहिल्यांदा लावला तेव्हा तीन आठवडे ज्याला पृष्ठभागाचा सिग्नल म्हणत होतो, त्यातला बराच भाग भलताच निघाला. लेझरची पॉवर दुप्पट केली की सेकंड हार्मोनिक चौपट व्हायला हवा. माझा सिग्नल पाचपटीहून जास्त वाढायचा. लॉग-लॉग आलेखाचा उतार २.४ यायचा आणि मोजमापात थोडं इकडेतिकडे होणारच, असं म्हणून मी तो सोडून द्यायचो. प्रत्यक्षात डॉट एका वेळी तीन फोटॉन शोषत होते आणि पृष्ठभागावरच्या ट्रॅपमधून (इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या दोषांमधून) गडद लाल उजेड बाहेर टाकत होते. तो उजेड इतका रुंद पसरलेला असतो की ६५०च्या खिडकीतही शिरतो. तसे तीन आठवडे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच कसोटीकडे जातात. गाभा आहे तसा ठेवून फक्त पृष्ठभाग बदलला, तर सिग्नल बदलतो का? आणि मूळ पृष्ठभाग परत दिला, तर सिग्नल मागे येतो का? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच तो सिग्नल पृष्ठभागाचा आहे असं लिहावं.

आधी सममिती समजून घ्या

१९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून सोडला आणि पलीकडे ३४७ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवला. अरेषीय प्रकाशिकीची सुरुवात तिथून झाली. सिग्नल इतका क्षीण होता की शोधनिबंध छापताना फोटोतला तो ठिपका डाग समजून काढला गेला. क्वार्ट्झ का चालला, याचं कारण त्याच्या स्फटिकात सममिती-केंद्र नाही, म्हणजे ज्याच्या आरपार उलटवली तरी रचना तशीच दिसेल असा बिंदू नाही. ज्या पदार्थात असं केंद्र असतं, त्यात विद्युतक्षेत्राची दिशा उलटवली की पदार्थाचा प्रतिसादही उलटायला हवा. पण सेकंड हार्मोनिकचा प्रतिसाद क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि वर्गाला दिशा उलटल्याचा पत्ताच लागत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या व्हायच्या तर प्रतिसाद शून्यच असावा लागतो. अशा पदार्थाचा गाभा गप्प राहतो, आणि जिथे सममिती तुटते त्या पृष्ठभागाचाच आवाज ऐकू येतो. सिलिकॉनच्या वेफरपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत ही पद्धत म्हणूनच इतकी उपयोगी पडली.

कॅडमियम सेलेनाइडच्या बाबतीत मात्र हा आधार नाही. झिंक ब्लेंड रचना घ्या किंवा वुर्टझाइट, दोन्हींत सममिती-केंद्र नाही. गाभासुद्धा बोलतो. ‘सेकंड हार्मोनिक म्हणजे पृष्ठभाग’ हे सिलिकॉनच्या अनुभवातून आलेलं समीकरण इथे उचलून वापरलं, तर सुरुवातच चुकते.

दुसरी अडचण आकाराची. कोलंबिया विद्यापीठात केनेथ आयझेंथाल यांच्या गटाने १९९६ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांच्या पृष्ठभागावरून सेकंड हार्मोनिक मिळवून दाखवला. ते गोळे प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलना होण्याइतके मोठे होते, त्यामुळे समोरच्या आणि मागच्या बाजूंची देणगी एकमेकींना पुरती खोडत नव्हती. आपला डॉट साडेतीन नॅनोमीटरचा, तरंगलांबीच्या शेकडो पट लहान. पृष्ठभाग सगळीकडे अगदी सारखा असता तर समोरासमोरच्या बाजूंनी एकमेकींना जवळपास शून्यावर आणलं असतं. १९९९ मध्ये डडाप, शान, आयझेंथाल आणि हाइन्झ यांनी केंद्रसममित पदार्थाच्या लहान गोळ्यासाठी हे गणित मांडलं. त्यात मिळणारी शक्ती त्रिज्येच्या सहाव्या घाताने घटते, आणि सरळ पुढच्या दिशेने काहीच येत नाही. नॅनोक्रिस्टलचा पृष्ठभाग तरीही दिसतो, कारण तो एकसारखा नसतो. काही फलकांवर कॅडमियम जास्त, काहींवर सेलेनियम उघडं, लिगँड (पृष्ठभागाला चिकटलेले रेणू) कुठे दाट तर कुठे विरळ. आपण मोजतो ती ही असमानता.

पायरी १: सॅम्पल, आणि त्यावर किती अणू आहेत याचा हिशोब

ओलिएट (ओलेइक आम्लापासून बनलेला) लिगँड असलेले झिंक ब्लेंड डॉट घ्या. १९९३ मध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी गरम द्रावणात एकदम इंजेक्शन देण्याची रीत मांडली (बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ब्रूस आणि एकिमोव्ह यांच्यासह मिळालं). तेव्हा ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड, म्हणजे टॉपो, वापरलं जायचं. पृष्ठभागाच्या कामासाठी मी टॉपो टाळतो. बाजारात मिळणाऱ्या कमी शुद्धतेच्या टॉपोत फॉस्फोनिक आम्लांची भेसळ असते आणि ती टॉपोपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतात. बाटलीवर एक नाव आणि पृष्ठभागावर दुसराच रेणू, अशी अवस्था होते. ओलिएट घट्ट बसतो, एकच असतो, आणि एनएमआरमध्ये (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्समध्ये) मोजता येतो.

हिशोब हाताने करून बघा. झिंक ब्लेंडची घनाकृती पेशी ०.६०५ नॅनोमीटरची, तीत ८ अणू. म्हणजे एका घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ३६. साडेतीन नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान साधारण २२.४ घन नॅनोमीटर, म्हणून एकूण अणू सुमारे ८००. सर्वांत बाहेरचा ०.२६ नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे पृष्ठभाग धरला, तर ३८ टक्के अणू त्यात येतात, म्हणजे तीनशेच्या वर. पृष्ठफळ ३८.५ वर्ग नॅनोमीटर. दर वर्ग नॅनोमीटरला ३ ते ४ लिगँड धरले तर एका डॉटवर साधारण ११५ ते १५५ ओलिएट. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे ‘अर्धे लिगँड काढले’ असं म्हणताना नेमके किती रेणू हलले, हे कळायला हवं.

धुण्याची क्रिया घाईने करू नका. टोल्युइनमधले डॉट मिथाइल अॅसिटेटने खाली बसवा, सेंट्रिफ्यूज करा, पुन्हा विरघळवा. मिथेनॉल टाळा, तो लिगँड ओढून काढतो. प्रत्येक धुण्यानंतर थोडं सॅम्पल प्रोटॉन एनएमआरला द्या. ओलिएटच्या दुहेरी बंधाचे प्रोटॉन साधारण साडेपाच पीपीएमच्या आसपास दिसतात. डॉटला बांधलेल्या ओलिएटचं शिखर रुंद आणि पसरट असतं, मोकळ्या फिरणाऱ्याचं टोकदार. टोकदार शिखर गेलं की थांबा. त्यापुढे धुतलं तर बांधलेले लिगँडही जायला लागतात. सगळं काम नायट्रोजनमध्ये करा. हवा आणि उजेड एकत्र आले की सेलेनियमचं ऑक्सिडेशन सुरू होतं, आणि मग पृष्ठभाग तुम्ही बदलण्याआधीच बदललेला असतो.

शेवटी डॉट टेट्राक्लोरोएथिलीनमध्ये घ्या. या द्रावकात कार्बन-हायड्रोजन बंध नाहीत, त्यामुळे १३०० नॅनोमीटरच्या शेजारी शोषण नाही. शिवाय त्याचा रेणू स्वतः केंद्रसममित आहे, म्हणून त्याचं स्वतःचं सेकंड हार्मोनिक विकिरण फार कमी.

पायरी २: तरंगलांबी निवडणं

बहुतेक ठिकाणी टायटेनियम-सफायर लेझर असतो आणि ८०० नॅनोमीटर हातात असतं, म्हणून लोक ८००नेच सुरुवात करतात. मी तसं करू नका असं सांगेन. ८००चा सेकंड हार्मोनिक ४०० नॅनोमीटरला येतो, तिथे कॅडमियम सेलेनाइड जोरात शोषतं. सिग्नल क्युवेटमधून बाहेर पडता पडता खाल्ला जातो. त्याच वेळी दोन फोटॉन शोषून डॉट चमकायला लागतात, आणि ती चमकही पॉवरच्या वर्गानेच वाढते.

साडेतीन नॅनोमीटरच्या डॉटचं पहिलं शोषण-शिखर साधारण ५६५ नॅनोमीटरला असतं, म्हणजे २.१९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. १३०० नॅनोमीटरच्या दोन फोटॉनची मिळून ऊर्जा १.९१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दोन फोटॉनचं शोषण होत नाही, ६५०चा सिग्नल परत शोषला जात नाही. तीन फोटॉनची वाट मात्र उघडी राहते. माझे तीन आठवडे गेले ते तिथेच.

पायरी ३: टेबलावरची मांडणी

मला ८० मेगाहर्ट्झचा, टायटेनियम-सफायरने चालवलेला पॅरामेट्रिक ऑसिलेटर (लेझरच्या प्रकाशातून हवी ती लांब तरंगलांबी बनवणारं यंत्र) आवडतो. एकेका पल्सची ऊर्जा कमी, पण संख्या प्रचंड, त्यामुळे डॉटवर ताण कमी आणि मोजणी भरपूर.

बीमच्या वाटेत क्रमाने या वस्तू येतात: पॉवर कमी-जास्त करायला हाफ-वेव्ह प्लेट आणि पोलरायझर, मग पोलरायझेशन फिरवायला दुसरी हाफ-वेव्ह प्लेट, मग १००० नॅनोमीटरचा लाँग-पास फिल्टर, मग ३० ते ५० मिलीमीटरची लेन्स, आणि क्युवेट. लाँग-पास फिल्टर लेन्सच्या आधी अगदी शेवटी हवा. ऑसिलेटरच्या आत बनलेला ६५०चा भटका प्रकाश आणि पंपाचा उरलेला ८०० तोच अडवतो. तो फिल्टर आरशांच्या आधी लावला तर आरशांवर आणि प्लेटमध्ये बनलेला दुप्पट प्रकाश तसाच पुढे जातो.

गोळा करण्याच्या बाजूला, काटकोनात, कंडेन्सर लेन्स, पोलरायझर, शॉर्ट-पास फिल्टर, एकेक तरंगलांबी निवडणारा मोनोक्रोमेटर आणि फोटॉन मोजणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब. गॅलियम आर्सेनाइडची ट्यूब घेतली तर ती १३०० नॅनोमीटरला आंधळीच असते, ही मोठी सोय आहे.

सुरक्षेचं इथेच सांगतो. १३०० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही. बीम कुठून जातो ते त्या तरंगलांबीला चालणाऱ्या इन्फ्रारेड कार्डानेच बघा, त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लावा, घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा. बीम टेबलाला समांतर ठेवा आणि डोळे त्या उंचीवर नेऊ नका. कॅडमियमचा कचरा वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत. सिंकमध्ये थेंबही जाऊ देऊ नका.

पायरी ४: आधी काहीच नसताना मोजा

नुसती क्युवेट. नुसता द्रावक. द्रावक आणि मोकळं ओलेइक आम्ल. बीम अडवून खोलीचा अंधार. ही चार रीडिंग प्रत्येक दिवशी, सॅम्पल लावण्याआधी. अंधाराच्या रीडिंगमध्ये आकडा जास्त आला तर मॉनिटरचा उजेड, पॉवर सप्लायचा हिरवा दिवा, दाराखालची फट, सगळं काळ्या कापडाने झाका. नुसत्या क्युवेटमध्ये ६५०ला सिग्नल आला तर फोकस काचेच्या भिंतीवर पडला आहे. काच केंद्रसममित असली तरी तिचा पृष्ठभाग बोलतोच, आणि आपण त्याच भाषेला कान लावून बसलो आहोत.

पायरी ५: शिखर खरंच शिखर आहे का

आता डॉटचं सॅम्पल लावा. मोनोक्रोमेटर ६५०वर ठेवून लगेच आकडे घेऊ नका. आधी ६२० ते ६८० नॅनोमीटर एकेका नॅनोमीटरने स्कॅन करा. सेकंड हार्मोनिक अरुंद शिखर देतो, लेझरच्या रुंदीने ठरलेलं, आणि लेझरची तरंगलांबी १०ने हलवली तर तेही ५ने हलतं. ट्रॅपचा उजेड रुंद टेकडीसारखा असतो आणि जागचा हलत नाही. शिखराच्या दोन्ही बाजूंची टेकडी बघून तळ आखा आणि तो वजा करा. माझ्या जुन्या मोजमापात टेकडी होती. मी स्कॅन न घेता ६५०वर ठाण मांडून बसलो, म्हणून ती दिसली नाही.

तळ वजा केल्यानंतरच पॉवरचा आलेख काढा, लेझरची पॉवर किमान पाचपट बदलून. उतार १.९५ ते २.०५ मध्ये यावा. पण एक सावधगिरी. उतार २ आला म्हणून तो सेकंड हार्मोनिक ठरत नाही, कारण दोन फोटॉनच्या शोषणातून येणाऱ्या चमकेचाही उतार २च असतो. उतार २ आला नाही तर काहीतरी चुकलं आहे हे नक्की, एवढाच त्याचा उपयोग. हाताशी वेळ मोजणारी इलेक्ट्रॉनिक्स असेल तर वापरा. हार्मोनिक पल्ससोबतच येतो, तर डॉटची चमक दहा-वीस नॅनोसेकंद रेंगाळते. पल्सनंतरचे पहिले काही शे पिकोसेकंद सोडून बाकीचं टाकून दिलं की बरीच घाण निघून जाते.

पायरी ६: सांद्रता

सेकंड हार्मोनिक विकिरण इतक्या लहान कणांत सुसंगत नसतं. प्रत्येक डॉट आपापला प्रकाश देतो आणि तीव्रता नुसत्या बेरजेने वाढते. म्हणून सिग्नल डॉटच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढायला हवा. पहिल्या शोषण-शिखरावरून सांद्रता काढा, पाच-सहा पातळ द्रावणं बनवा, सरळ रेषा काढा. त्या रेषेच्या चढावरून एका डॉटच्या हायपरपोलरायझेबिलिटीचा, म्हणजे बीटाचा, वर्ग मिळतो (डॉट किती जोराने सेकंड हार्मोनिक देतो, याचं माप म्हणजे बीटा). मिथेनॉलमधलं पॅरा-नायट्रोअॅनिलिन संदर्भ म्हणून मोजलं की खरा आकडाही काढता येतो. पण पृष्ठभागाच्या प्रश्नासाठी ‘आधी’ आणि ‘नंतर’चं गुणोत्तर पुरतं, आणि ते जास्त विश्वासार्ह असतं.

रेषा वर वळली तर डॉट गुठळ्या करत आहेत. ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळा. एक-एक सेकंदाचे आकडे वेगळे साठवा, म्हणजे मध्येच एखादी गुठळी फोकसमधून गेल्याने आलेली उसळी ओळखता येईल. कोणती उसळी टाकायची याचा नियम मोजणीआधी ठरवा, नंतर नाही.

रेषा खाली वळली तर पातळ करताना लिगँड सुटत असतील. अमाइन लिगँडच्या बाबतीत हे सर्रास होतं. ओलिएट टिकतो, त्याची निवड करण्याचं हे आणखी एक कारण.

पायरी ७: पृष्ठभाग बदला

बाकीच्या पायऱ्या कराव्या लागतात म्हणून करायच्या. ही मन लावून करायची.

डॉटच्या पृष्ठभागावर नुसतं ओलिएट नसतं. कॅडमियम ओलिएटचा अख्खा रेणू सेलेनियमवर टेकून बसलेला असतो, आणि तो तसाच्या तसा उचलता येतो. २०१३ मध्ये कोलंबियातच जोनाथन ओवेन यांच्या गटाने हे व्यवस्थित दाखवलं. टेट्रामेथिलएथिलीनडायअमाइन, म्हणजे टीएमईडीए, हा रेणू कॅडमियमला दोन हातांनी धरतो आणि कॅडमियम ओलिएटसकट पृष्ठभागावरून निघून जातो. गाभ्याला धक्का लागत नाही.

एकाच बॅचचे डॉट घ्या आणि चार भाग करा. पहिला भाग तसाच ठेवा. दुसऱ्यात थोडा टीएमईडीए घाला, तिसऱ्यात जास्त. चौथ्यावर तिसऱ्याइतकाच टीएमईडीए वापरा, मिथाइल अॅसिटेटने धुवा आणि नंतर कॅडमियम ओलिएट परत घाला. चारही भाग सारखे धुवा, पहिलाही, नाहीतर धुण्याचा परिणाम टीएमईडीएच्या नावावर जमा होईल. मग प्रत्येकाचं शोषण, चमक, एनएमआर आणि सेकंड हार्मोनिक मोजा.

शोषण-शिखर जागचं हललेलं नसावं. ते हललं तर गाभा कुरतडला गेला आहे, ते सॅम्पल बाद. चमक दुसऱ्यात कमी आणि तिसऱ्यात फारच कमी झालेली असेल, कारण उघडे पडलेले सेलेनियम ट्रॅप बनतात. एनएमआर सांगेल की प्रति डॉट किती ओलिएट गेले. आता सेकंड हार्मोनिकचा आलेख काढा: आडव्या अक्षावर प्रति डॉट उरलेले ओलिएट, उभ्या अक्षावर एका डॉटचा बीटा. बीटाचा वर्ग नको, बीटा. वर्ग ठेवला तर गाभा आणि पृष्ठभाग यांची बेरीज गुणाकारात मिसळते आणि आलेख वाचता येत नाही.

सिग्नल वाढतो की घटतो, हे आधी गृहीत धरू नका. लिगँड गेल्याने पृष्ठभाग जास्त विषम होऊ शकतो, मग बीटा वाढेल. गाभ्याची आणि पृष्ठभागाची देणगी उलट चिन्हाची असेल तर पृष्ठभाग बदलल्यावर बीटा घटूही शकतो. महत्त्वाचं ते चौथं सॅम्पल. चमक पूर्णपणे परत येईलच असं नाही, पण बीटा पहिल्याच्या जवळ परतला पाहिजे. तो परतला नाही, तर पृष्ठभागाशिवाय आणखी काहीतरी बदललं आहे. मी अशा वेळी सगळी बॅच टाकून देतो. वाईट वाटतं, पण टाकतो.

थायोफेनॉलसारखे अॅरोमॅटिक (बेंझिनचं वलय असलेले) लिगँड बसवूनही पृष्ठभाग बदलता येतो, आणि सिग्नल मोठाही दिसतो. मात्र त्या लिगँडला स्वतःचा बीटा असतो. मोकळ्या लिगँडचं मोजमाप वेगळं घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ८: आकार आणि पोलरायझेशन

गाभ्याची देणगी आकारमानाबरोबर वाढते, पृष्ठभागाची साधारण पृष्ठफळाबरोबर. २.५ ते ५ नॅनोमीटरपर्यंत डॉटची मालिका घेतली तर पहिल्या प्रकारात बीटा आठपट वाढेल, दुसऱ्यात चौपट. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात याकोबसोन आणि बानिन यांनी २००० मध्ये कॅडमियम सेलेनाइडवर हेच मोजमाप केलं. प्रति एकक पेशी काढलेला बीटा लहान डॉटमध्ये वाढलेला दिसला, आणि त्यांनी तो गाभा आणि पृष्ठभाग अशा दोन देणग्यांनी समजावला.

इथे आकारातली तफावत फसवते. सिग्नल बीटाच्या वर्गावर, म्हणजे गाभ्यासाठी व्यासाच्या सहाव्या घातावर जातो. व्यासात १० टक्के फरक असला तर सरासरी सिग्नल सुमारे १५ टक्क्यांनी फुगतो. मालिकेतल्या प्रत्येक सॅम्पलची तफावत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मोजा आणि ही दुरुस्ती करा.

पोलरायझेशनचं मोजमाप मला सगळ्यांत देखणं वाटतं. उभ्या पोलरायझेशनचा सिग्नल गोळा करायचा, आणि येणारा प्रकाश एकदा उभा, एकदा आडवा ठेवायचा. दोन्हींचं गुणोत्तर झिंक ब्लेंडच्या शुद्ध चतुष्फलकी गाभ्यासाठी १.५ येतं, एकाच दिशेच्या द्विध्रुवासाठी ५. पृष्ठभागाच्या विषमतेने द्विध्रुव बनला की गुणोत्तर १.५ पासून वर सरकतं. टीएमईडीएच्या चारही सॅम्पलवर हे मोजा. कंडेन्सरपुढचा डायफ्राम मात्र लहान करा. रुंद कोनातून गोळा केलं की पोलरायझेशन मिसळतात आणि गुणोत्तर खोटं निघतं. मोजायला वेळ लागेल, लागू द्या.

पायरी ९: लिगँडच्या साखळ्या बघायच्या असतील तर

सेकंड हार्मोनिक पृष्ठभाग विषम आहे एवढंच सांगतो. लिगँड सरळ उभे आहेत की मुरडलेले, हे कळायला सम-फ्रिक्वेन्सी पद्धत लागते (इथे ‘सम’ म्हणजे इंग्रजीतली बेरीज). ८०० नॅनोमीटरचा आणि इन्फ्रारेडचा पल्स एकाच जागी पाडायचे, त्यांच्या वारंवारतांची बेरीज मोजायची. इन्फ्रारेड २९०० सेंमी⁻¹ ला (म्हणजे एका सेंटिमीटरात २९०० लहरी) ठेवला तर बेरीज ६४९ नॅनोमीटरला येते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एमिली वाइस आणि फ्रांझ गाइगर यांच्या गटांनी २०११ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटवर ही पद्धत वापरली.

सरळ, न मुरडलेल्या साखळीत मधले मिथिलीन गट सममितीमुळे गप्प राहतात आणि टोकाचा मिथाइल गट २८७५ सेंमी⁻¹ च्या आसपास बोलतो. साखळी मुरडली की मिथिलीनचं शिखर २८५० ला वर येतं. या दोन शिखरांचं गुणोत्तर म्हणजे साखळीची शिस्त. यासाठी ओलिएटऐवजी स्टिअरेटसारखी दुहेरी बंध नसलेली साखळी घ्या, ओलिएट मुळातच मधे वाकलेला असतो.

डॉटचा पातळ थर सफायरवर घाला. यात सर्वांत मोठा धोका बोटांचा आणि हवेचा. कोणत्याही काचेवर हवेतल्या तेलकट वाफेचा थर बसतो आणि तो हुबेहूब याच शिखरांवर दिसतो. नुसता सफायर यूव्ही-ओझोनमध्ये स्वच्छ करून मोजा. नंतर ड्युटेरियमयुक्त स्टिअरेट बसवलेले डॉट मोजा. लिगँडची शिखरं २१०० सेंमी⁻¹ कडे सरकायला हवीत. तरीही २८७५ला काही उरलं, तर ती घाण आहे. एवढी खात्री देणारी दुसरी कसोटी मला माहीत नाही. महाग आहे, पण एकदा तरी कराच.

गाभ्याचा स्वतःचा प्रतिसाद इथेही येतो आणि शिखरांचा आकार वाकडा करतो. ८००चा पल्स इन्फ्रारेडच्या थोडा मागे ठेवला की गाभ्याचा क्षणिक प्रतिसाद निघून जातो आणि कंपनांचा रेंगाळणारा उरतो. डॉटचा आकारही असा निवडा की त्याची चमक ६४९च्या जवळ येणार नाही. इन्फ्रारेड अडवून एक मोजणी घ्या, जे उरेल ते वजा करा.

सॅम्पल निवडणं तुमच्या हातात असेल तर

लेड सल्फाइड घ्या. त्याची रचना खाण्याच्या मिठासारखी, केंद्रसममित. गाभा जवळपास गप्प, आणि जे ऐकू येतं ते पृष्ठभागाच्या विषमतेचं. ९०० नॅनोमीटरच्या आसपास पहिलं शोषण असलेले लहान डॉट घेतले तर १३०० शोषलं जात नाही आणि त्यांची मुख्य चमकही इन्फ्रारेडमध्ये राहते. बदल्यात ६५०ला शोषण आहे, त्यामुळे सिग्नल बाहेर येताना कमी होतो आणि ती दुरुस्ती करावी लागते. त्याच क्युवेटमध्ये ६५०चं शोषण मोजा, फोकस बाहेर पडण्याच्या भिंतीपासून दोन मिलीमीटरवर आणा, आणि ते अंतर वहीत लिहून ठेवा.